बापाच्या वाटचा ढावलो

मांडवाच्या कुडाआड उभा राहून उत्तमसिंग आपल्या पोरीचं रडणं ऐकत होता. रडणं कसलं, पाठांतर. त्याची बहीण सोमली एक ओळ म्हणायची, कौसल्या ती ओळ उचलायची, आणि शाळेत प्रार्थना म्हणावी तशी सरळ, स्वच्छ, ओळीच्या शेवटी बरोब्बर थांबून म्हणायची. भोवती बसलेल्या पोरी तोंडाला ओढणी लावून फिदीफिदी हसत होत्या.

"अवं, थांबू नको ना बाई शेवटाले," सोमली म्हणत होती, पोरीला कळावं म्हणून वऱ्हाडीत. "तिथंच तर गळा भरून येते. थांबली का झालं, मेलं रडणं."

"पुन्हा म्हणू का, आत्या?"

"आत्या नाई, फूफी."

"फूफी," कौसल्या म्हणाली, आणि पोरी पुन्हा हसल्या.

लग्न उद्यावर आलं होतं. राळेगावकडच्या या तांड्यावर उत्तमसिंग आपलं बिऱ्हाड घेऊन आला तो किसनसिंगच्या हट्टामुळे. किसनसिंग त्याचा थोरला भाऊ आणि तांड्याचा नायक. नायकाच्या पुतणीचं लग्न बाभुळगावच्या भाड्याच्या खोलीसमोर होऊ द्यायचं नाही, असं त्यानं बजावलं होतं. उत्तमसिंग बाभुळगावला मास्तर. शिकायला म्हणून तांडा सोडला, मग नोकरी लागली, मग बायको-पोरगी नेली. त्यानंतर होळीला एक पाय तांड्यात पडला तर पडला.

आता तांड्याची नवरी म्हटली की तिला ढावलो आलाच पाहिजे. निघायच्या वेळी ती एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडते. पण नुसती हंबरत नाही. तिच्या रडण्याला चाल असते, चालीत तांड्याच्या बोलीतले शब्द असतात, आणि शब्दांत त्या माणसानं तिला काय काय दिलं त्याची आठवण असते. चाल साऱ्या तांड्याची, जुनी, विहिरीच्या काठासारखी हात लागून लागून गुळगुळीत झालेली. शब्द मात्र जिचे तिचे. लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया पोरीला घेऊन बसतात आणि रडायला शिकवतात. ज्याच्या गळ्यात पडून पोरगी रडली नाही, तो तिचा कोणी नव्हता, असं तांडा समजतो. कोणी बोलून दाखवत नाही, समजतो.

"चाल, काकाचं झालं, काकीचं झालं," सोमली म्हणाली. "आता बापाचं. सांग पोरी, लहानपणी बापानं तुले काय म्हनून झोपवलं?"

कौसल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"बरं, लाडानं काय हाका मारल्या? जत्रेत खांद्यावर घेतलं तवा काय बोल्ला? त्याच्या तोंडचं कायतरी पाह्यजे ना. मी माह्या मनचं घालू का तुह्या बापाच्या गळ्यात?"

कौसल्येनं बराच विचार केला. मग खाली मान घालून ती म्हणाली, "बाबा माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायचे."

या वेळी पोरीच काय, बायाही हसल्या. "घ्या! सतरा नव्वे किती, म्हनून रडजो मंग बापाच्या गळ्यात!" कोणीतरी म्हणालं, आणि हसण्याची लाट मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

उत्तमसिंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो कुडाआडून पुढं आला तशा पोरी ओढण्या सावरून बसल्या.

"सोमलीबाई, तिला छळू नकोस," तो म्हणाला. "उद्या हे काही व्हायचं नाही."

"कोनतं हे?"

"हेच. गळ्यात पडून आरडाओरडा. आमच्या शाळेतली मंडळी यायची आहेत, हेडमास्तर येताहेत. मी एक छोटंसं निरोपाचं गीत रचलंय. कौसल्येचं पाठ आहे. ती चार ओळी म्हणेल, वाकून नमस्कार करेल, झालं. आणि जाताना रीत म्हणून बैलावर बिलावर उभं करायचं नाही तिला."

सोमलीनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू कुणी अनोळखी माणूस दारात सुया विकायला आला आहे.

"मंग पोरगी मुकीच पाठवतं?"

"मुकी कशी? म्हणतोय ना, गीत म्हणेल."

"कोनासाठी म्हनीन? तुह्या हेडमास्तरसाठी?"

तेवढ्यात किसनसिंग आला. धाकट्या भावाशी तो आजवर तांड्याच्या बोलीतच बोलत आला होता, आणि उत्तमसिंग त्याला मराठीत उत्तर देत आला होता. दोघांनाही त्याची सवय झालेली. पण आज किसनसिंग त्याच्यासमोर उभा राहिला, पागोट्याचा शेव मागं टाकला, आणि बाजारात दुकानदाराशी बोलावं तशा वऱ्हाडीत बोलला.

"मास्तर, काय म्हनून राह्यले तुमी?"

उत्तमसिंगला ते 'मास्तर' लागलंच. पण भाषा जास्त लागली. ही भाषा तांड्यातले लोक परक्याशी बोलतात. पटवाऱ्याशी, जमादाराशी, कापूस घ्यायला आलेल्या माणसाशी.

"दादा, माझ्याशी असं का बोलतोस?"

"तुमालेच पाह्यजे ना हे? बारा-चवदा वर्सं म्या तुमच्या तोंडून आपल्या बोलीतलं भिया आयकायची वाट पाह्यली. तुमी दादा म्हनलं, मी ऐकून घेतलं. आता कोराशी कोरावानी बोलतो." कोर म्हणजे तांड्याबाहेरचा. भर मांडवात, बायापोरींसमोर, नायकानं सख्ख्या भावाला कोर म्हटलं होतं.

"मी हे तिच्या भल्यासाठी केलं," उत्तमसिंग म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "कुठं चोरी झाली की जमादार आधी आपल्या तांड्यात यायचा, विसरलास? रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला थांबवायचा आणि म्हणायचा, बोल. दोन शब्द बोलला की ओळखायचा. आपल्या बापूंना बोलण्यावरूनच धरून नेलं होतं. माझ्या पोरीला बोलण्यावरून कोणी ओळखू नये, एवढंच मला हवं होतं."

"नाई ओळखत," किसनसिंग शांतपणे म्हणाला. "आमीबी नाई ओळखत."

उत्तमसिंगनं मान वळवली. रुपीबाई, त्याची बायको, डोक्यावर घागर घेऊन तिथून चालली होती. त्यानं आधारासाठी तिच्याकडे पाहिलं. बाभुळगावात इतक्या वर्षांत रुपीबाईनं त्याचा शब्द कधी मोडला नव्हता. रुपीबाईनं घागर उतरवली, सोमलीच्या शेजारी जाऊन बसली आणि कौसल्येचा हात आपल्या मांडीवर घेतला.  ती कुठं बसली ते सगळ्यांनी पाहिलं.

"बाबा," कौसल्या म्हणाली, "मला शिकायचंय. तिकडे सासूबाई बोलीतच बोलतात. घनश्यामसुद्धा घरी बोलीतच बोलतात. मी तिथं काय करू?"

नवरदेव घनश्याम पांढरकवड्याला एस.टी.त कारकून होता, मॅट्रिक झालेला. उत्तमसिंगनं स्थळ पाहताना त्याची नोकरी पाहिली, अक्षर पाहिलं. घरात कोणती भाषा बोलतात हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. शिकलेल्या माणसाच्या घरात मराठीच असणार, असं तो धरून चालला होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "म्हणा काय म्हणायचं ते. पण हेडमास्तरांसमोर लांबवू नका."

सोमली उठून उभी राहिली. "लांबन का आखूड होईन, ते पोरीच्या डोळ्यातल्या पान्याले माहीत. पन एक सांगून ठेवतो भाऊ, बाकी समद्याईचं म्या दिलं. तुह्यं माह्याजवळ नाई. ते तुह्याचजवळ असन तर असन."

त्या संध्याकाळी उत्तमसिंग तांड्याबाहेरच्या कापसाच्या पऱ्हाटीच्या रानात एकटाच फिरत राहिला. वेचणी होऊन गेलेली, नुसत्या काड्या उभ्या होत्या. तो आठवू लागला. कौसल्या इथंच जन्मली. बाभुळगावला आली तेव्हा चुरूचुरू बोलायची, सगळं बोलीत. भूक लागली की 'बाटी' मागायची. तो चिडायचा नाही, हात तर कधीच उगारला नाही. फक्त ऐकू न आल्यासारखं करायचा. "काय हवंय? नीट सांग," म्हणायचा आणि पुस्तकात डोकं घालायचा. पोर दोनदा म्हणायची, तीनदा म्हणायची, मग रडकुंडीला येऊन 'भाकरी' म्हणायची. तेव्हा तो हसून तिला जवळ घ्यायचा. याडीची आई झाली, बापूचे बाबा झाले. वर्षभरात पोरीच्या तोंडात तांड्याचा एक शब्द राहिला नाही. पुढं वक्तृत्वात तिला यवतमाळला बक्षीस मिळालं तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, "मुलगी देशमुखांची का हो?" आणि तो प्रश्न त्यानं कितीतरी दिवस गुळाच्या खड्यासारखा जिभेवर घोळवला होता.

आणि रुपीबाई? ती तांड्यातली गाणारी बाई. होळीला गातात त्या लेंग्यांच्या फडात तिचा आवाज वेगळा कळायचा. मराठी तिला अडखळत यायची, बोलीला घरात थारा नव्हता, म्हणून ती हळूहळू कमीच बोलू लागली. तिचा स्वभाव शांत झाला, असं त्याला वाटत होतं. लोकांनाही तो तसंच सांगायचा.

खांद्यावर घेतलं तेव्हा काय बोललो होतो? त्याला आठवेना. घेतलं होतं का, तेही आठवेना.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, जेवणं झाली, उन्हं कलली. हेडमास्तर सदाशिवराव दोन शिक्षकांबरोबर बैलगाडीनं आले होते; त्यांना मांडवात बाजेवर सतरंजी टाकून बसवलं होतं. सदाशिवराव भला माणूस. त्यांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "काय हो मास्तर, तुमच्यात म्हणे मुलगी काव्यात रडते? आमच्या सौभाग्यवतीनं कुठंसं ऐकलंय. संयुक्त महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली, पण आपल्याला शेजारच्या माणसाची भाषा ठाऊक नाही बघा. तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"अहो, ते अडाणी बायकांचं काहीतरी असतं," उत्तमसिंग म्हणाला. "आमच्या घरी पहिल्यापासून मराठीच."

तो हे बोलत असताना रुपीबाई त्याच्या मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, हे त्याला नंतर कळलं. तिनं तांब्या पाहुण्यांसमोर ठेवला आणि मागच्या पावली निघून गेली.

मग कौसल्येला बाहेर आणलं. घेरदार फेटिया घागरा, आरशांची काचळी चोळी, कपाळावर आलेली ओढणी, केसांत नव्या नवरीची चांदी. उत्तमसिंगनं क्षणभर तिला ओळखलंच नाही. तिच्यात त्याला त्याची स्वतःची आई दिसली, मोळी उतरवून दारात उभी राहिलेली. बाहेर झूल घातलेला बैल उभा होता, शिंगांना लाल फडकी बांधलेला.

ती आधी किसनसिंगच्या गळ्यात पडली. चाल थोडी चुकली, शब्द अडखळले. पण काकानं होळीत नाचवलं, काकानं बोरं आणली, हे शब्द निघाले, आणि ते निघाल्याबरोबर भोवतीच्या बायांनी चाल उचलून धरली. तिचा आवाज कमी पडला तिथं त्यांचा आवाज आला, जणू बांध फुटलेल्या जागी सगळ्यांनी मिळून हात लावावेत. नायकाच्या पांढऱ्या मिशा थरथरल्या. काकीच्या गळ्यात ती पडली तेव्हा चाल सापडली होती. सोमलीच्या गळ्यात पडली तेव्हा ती ओळीच्या शेवटी थांबली नाही.

मग रुपीबाई.

"याडी ये, मारी याडी," कौसल्या म्हणाली. हे तिला सोमलीनं शिकवलं होतं की कुठून वर आलं, कोण जाणे. आणि उत्तर म्हणून रुपीबाईनं तोंड उघडलं. इतक्या वर्षांत त्यानं तो आवाज ऐकला नव्हता. तो आवाज उठला आणि मांडवाच्या आढ्याला लागला. तुला अंगाई म्हटली ती मनात म्हटली गं, तुझी वेणी घातली ती मुक्यानं घातली गं, माझ्या घरात माझं तोंड पाहुणं होतं गं, असं ती गात होती. कौसल्येला त्यातलं किती कळत होतं कोणास ठाऊक. पण उत्तमसिंगला सगळं कळत होतं, आणि तांड्याला सगळं कळत होतं. सदाशिवराव तेवढे डोळे मिटून मान डोलवत होते. त्यांना काही कळत नव्हतं याबद्दल उत्तमसिंगनं आयुष्यात पहिल्यांदा देवाचे आभार मानले, आणि मानले त्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली.

आता त्याची पाळी. बाया बाजूला झाल्या, वाट मोकळी झाली.

कौसल्या आली. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. तिचं तोंड त्याच्या खांद्याशी होतं, श्वास गरम, ओला.

"बापू..." ती म्हणाली.

बायांनी श्वास रोखून धरला. पुढची ओळ आली की चाल उचलायची होती.

ओळ आली नाही. पोर पुन्हा म्हणाली, "बापू..." आणि पुन्हा थांबली. उत्तमसिंगला तिच्या छातीतली धडधड आपल्या छातीवर लागत होती.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "मला येत नाही."

मांडवात इतकी शांतता होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

 हात तिच्या पाठीवर ठेवावा की नाही, ते त्याला कळेना. आणि मग जन्मभराच्या सवयीनं त्याची जीभ पुढं झाली. "आपलं ते गीत म्हण," तो कुजबुजला.

कौसल्या आज्ञाधारक पोरगी. तिनं हात काढून घेतले, एक पाऊल मागं सरली, डोळे पुसले आणि सरळ उभी राहिली.

"निघते ताता, आज मी पतिगृही,
असो तुमची कृपासावली शिरी..."

उच्चार निर्दोष होते. 'ताता'तला 'ता' ओवाळावा इतका शुद्ध होता. पण त्या ओळींपाशी कुणाला जाताच येईना. सोमलीनं चाल धरायला उचललेला हात तसाच खाली आला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. ओले डोळे तसेच, पण रडणं पुढं कुठं न्यावं ते कळेना. मागं एक लेकरू खुदकन हसलं आणि त्याच्या आईनं त्याला चापटी मारली. उत्तमसिंगनं बाजेकडे पाहिलं. सदाशिवराव, ज्यांच्यासाठी हे गीत रचलं होतं, ते जमिनीकडे पाहत होते. दुसऱ्याच्या घरातलं काही उघडं दिसलं की सभ्य माणूस पाहतो तसं.

तिसरी ओळ तिच्या ओठांवर होती. उत्तमसिंगनं पुढं होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नाही, पण ठेवला.

"रो मत," तो म्हणाला. "रो मत, छोरी."

शब्द गंजलेल्या कडीसारखे निघाले. पहिले दोन करकरले, तिसरा अडला, मग दार उघडलं. तो बोलू लागला. गाता त्याला येत नव्हतं, पुरुष गातही नाहीत. तो नुसता बोलत होता, तांड्यातला बाप निघत्या पोरीशी बोलतो तसं, सोमली सासरी निघाली तेव्हा बापू तिच्याशी बोलले होते तसं. आपल्याला हे येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. मराठीत त्यानं पोरीला सूचना दिल्या होत्या, शाबासकी दिली होती, बक्षिसं दिली होती. हे असलं कधी दिलं नव्हतं, कारण मराठीत त्याच्याजवळ ते नव्हतंच. त्याचा चष्मा ओला झाला. किसनसिंग जवळ सरकला आणि त्यानं भावाच्या दंडाला धरलं.

बोलणं संपलं. हुंदके उठले. सोमलीनं ओढणी डोळ्यांना लावली. सगळा तांडा रडत होता.

कौसल्या रडत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत होती, कपाळाला बारीक आठी घालून. अवघड उतारा समोर आला की ती असंच पाहायची. मग तिनं मान वळवली.

"आई," ती म्हणाली, "बाबा काय म्हणाले?"

रुपीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तो असता तर उत्तमसिंगला सोसायला सोपं गेलं असतं. ती पोरीजवळ गेली, तिच्या कानाशी वाकली आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागली.

"म्हंतात का, मांगं पाहू नको... म्हंतात, हिरीवरची तुह्यी घागरीची जागा तुह्यीच राहीन. कोनी वाकडं बोल्लं तर सांगून पाठवजो, मी पायी येईन, म्हंतात... तू झाली तवा म्या तुले बंडीच्या जुवावर ठेवलं व्हतं, म्हंतात, समद्या तांड्याले दाखवाले. अन् काय तं... हां, काळीज म्हंतात ना तुमी? ते. ते घेऊन चालली, म्हंतात."

ती एकेक वाक्य सांगत होती आणि ते वाक्य मराठीत येता येता बारीक होत होतं, ओंजळीतून ओंजळीत ओतलेल्या पाण्यासारखं. ऐकायला कौसल्या वाकली होती. पलीकडून बाजेवरचे सदाशिवरावही कानामागं हात धरून पुढं वाकले होते, आणि प्रत्येक वाक्याला "हं, हं" म्हणत होते. साऱ्या मांडवात तेवढ्यांनाच ते समजावून सांगावं लागत होतं; बाभुळगावहून आलेल्या पाहुण्यांना, आणि उत्तमसिंगच्या पोरीला.

रुपीबाईचं सांगून झालं. कौसल्येनं सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि बापाकडे वळली.

"समजलं, बाबा," ती म्हणाली. वर्गात उत्तर द्यावं तशी. सावकाश, एकेक अक्षर स्वच्छ.